शरदातल्या चार घड्या

रेडिओवरून कागदाच्या घड्या शिकवायच्या हा तसा आंधळ्या कोशिंबिरीचाच खेळ. माझे हात तुम्हाला दिसत नाहीत, तुमचे मला दिसत नाहीत. मधे फक्त शब्द. पण मी शब्दांचाच माणूस. म्हटलं, बघू या जमतं का. ऐकणाऱ्यांना जी विनंती केली होती तीच आता वाचणाऱ्यांना करतो. शेजारी दोन-चार चौरस कागद घेऊन बसा. घरात चार ते सात वर्षांचं एखादं मूल असेल तर त्याला जवळ बोलवा. आणि कागद त्याच्या हातात द्या, आपल्या हातात ठेवू नका. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. ती मी जरा उशिराच शिकलो. कशी, ते ओघानं सांगेन.

कागद दुमडून वस्तू करण्याच्या कलेला ओरिगामी म्हणतात. शब्द जपानी. ओरी म्हणजे दुमडणं आणि कामी म्हणजे कागद. नाव परकं वाटलं तरी काम परकं नाही. पावसाळ्यात अंगणातल्या ओहोळात सोडलेली होडी आठवा. ती आपल्याला कोणी शिकवली हे कोणालाच सांगता येत नाही, पण हातांना ती येते. किराणा दुकानातला वाणी पाव शेर साखरेची पुडी बांधायचा, तिला ना डिंक लागायचा ना टाचणी. कागदाचं शेवटचं टोक तो अशा चपळाईनं आत खोचायचा की घरी येईपर्यंत एक दाणा सांडायचा नाही. पळसाच्या पानाचा द्रोण, लवंग टोचलेला गोविंद विडा, हीसुद्धा घड्यांचीच कला आहे. तेव्हा आपण अगदीच कोरे आहोत असं समजू नका.

आपला शरद कोणता?

मुलांसाठी हस्तकलेची जी पुस्तकं मिळतात त्यांत शरद ऋतूचं पान उघडलं की नारिंगी-तांबडी गळकी पानं आणि भोपळे दिसतात. ती पुस्तकं थंड मुलखातून आलेली असतात. जपानमध्ये शरदात मेपलची पानं लाल होतात, तिथली मुलं त्या दिवसांत त्या पानांच्या, चेस्टनटच्या, काकी नावाच्या केशरी फळाच्या घड्या घालतात. खिडकीतून जे दिसतं तेच कागदात उतरतं. आपल्याकडे मात्र आश्विनात पानगळ नसते. आपली पानं गळतात शिशिरात. आश्विन-कार्तिकात आपल्या खिडकीतून दिसतं ते धुऊन निघालेलं आकाश, पिवळं पडू लागलेलं भात, झेंडूचे ढीग, दसऱ्याचा आपटा, कोजागरीचा चंद्र, दिवाळीचे कंदील आणि उत्तरेकडून येणारे पक्षी. आपल्या मुलांनी मेपलचं पान जरूर करावं, पण आधी दारातलं पान करावं. म्हणून मी चार वस्तू निवडल्या आहेत. एक दसऱ्याची, एक कोजागरीची, एक दिवाळीची आणि एक कार्तिकाची.

कागदाची ओळख

चित्रकलेचा जाड कागद नको, तो लहान बोटांना ऐकत नाही. टिश्यूसारखा पातळही नको. वहीचा, झेरॉक्सचा किंवा वर्तमानपत्राचा कागद उत्तम. आयताचा चौरस करायचा तर आखूड कड लांब कडेवर नेऊन कागद तिरका दुमडायचा. मोठा त्रिकोण होतो आणि बाजूला एक पट्टी उरते. ती पट्टी फाडून टाकली की राहिला तो चौरस. मुलाच्या वीतभर हाताला एक वीत रुंदीचा चौरस बरा. त्याहून लहान घेतला तर त्याची चिडचिड होते.

फाडताना एक गंमत दाखवा. वर्तमानपत्राचा कागद उभा फाडला तर बहुधा सरळ फाटत जातो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं बसतात. त्या दिशेनं तो सहज फाटतो, सहज दुमडतो. आडव्या दिशेनं थोडा हटून बसतो. हातकागदात तंतू चहूकडे पसरलेले असतात, म्हणून त्याला अशी दिशा नसते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात, दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं. चिंध्यांचा लगदा हौदात घोळवून, जाळीवर उचलून, वाळवून आणि घोटून कागद करणाऱ्या कागजी लोकांचं हे गाव. मुहंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा हे कारागीर इथं आले असं परंपरा सांगते. आपला ‘कागद’ हा शब्दही फारशीतल्या ‘कागज’वरून आलेला. माझ्या पूर्वजांनी आणलेला आणि तुमच्या आजोबांनी रुळवलेला, असं मी गमतीनं म्हणतो.

आता तीन शब्द ठरवून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ नको. कागदाच्या बाजूला आपण ‘कड’ म्हणू, टोकाला ‘कोपरा’ म्हणू आणि दुमडण्याला ‘घडी’. कधी कधी घडी घालून लगेच उलगडायची असते. मागे जी रेघ राहते तिला ‘खूण’ म्हणू. घडी घालताना आधी टोकाला टोक लावायचं, एका हातानं धरायचं, मगच दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मधून बाहेर दाबत जायचं. मुलं नेमकं उलटं करतात. आधी दाबतात, मग टोकं जुळवायला जातात.

‘घडी’ हा शब्द मला फार आवडतो. कपड्याची घडी असते, कागदाची असते, संसाराचीही असते आणि ती कधी विस्कटते. नवी साडी पहिल्यांदा नेसली की आपण घडी मोडली म्हणतो. आणि घडी म्हणजे वेळ, घटका. मुलासोबत बसून कागद दुमडताना दोन्ही अर्थ एकाच वेळी हातात असतात.

पहिली घडी : आपट्याचं पान

आपट्याचं पान बघितलंत तर निसर्गानंच ते मधे दुमडून उलगडल्यासारखं दिसतं. मधली शीर आणि दोन्हीकडे दोन गोल पाळी. या झाडाचं शास्त्रीय नाव बाउहिनिया रेसिमोसा. बाउहिन आडनावाचे दोन भाऊ, दोघेही वनस्पतींचे अभ्यासक, त्यांच्यावरून या कुळाला नाव मिळालं. जोडपान बघून दोन भाऊ आठवावेत, ही कल्पना सुचणारा शास्त्रज्ञ थोडासा कवीच असला पाहिजे.

दसऱ्याला आपण ही पानं सोनं म्हणून वाटतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत हे सोनं आमच्या घरी यायचं आणि आमच्या घरातूनही जायचं. ईदच्या शीरखुर्म्याला जशी सगळ्यांची वाटी असायची, तशी दसऱ्याला सगळ्यांची ओंजळ. पण आता बाजारात फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणलेल्या दिसतात, आणि त्यांतल्या कितीतरी आपट्याच्या नसतातच. दिसायला सारख्या म्हणून कांचनाच्या फांद्या खपवल्या जातात. सायंकाळी ते सगळं सोनं रस्त्यावर तुडवलं जातं. म्हणून मला वाटतं, मुलांनी दसऱ्याला कागदाचं पान द्यावं.

कागद रंगीत असेल तर हिरवी बाजू खाली ठेवा. एक कोपरा आपल्या पोटाकडे, एक समोर, अशा तऱ्हेनं कागद ठेवायचा, शंकरपाळ्यासारखा. उभी आणि आडवी अशा दोन्ही कर्णांवर घडी घालून उलगडा. दोन खुणा मधोमध एकमेकींना छेदतील. आता समोरचा, म्हणजे वरचा कोपरा त्या मध्यबिंदूवर आणा आणि दाबा. वर एक सपाट कड तयार झाली. मग पोटाकडचा कोपरा उचलून थेट त्या सपाट कडेच्या मध्यापर्यंत न्या आणि दाबा. खालीही सपाट कड आली. आता या खालच्या कडेचा उजवा अर्धा भाग उचलून मधल्या उभ्या खुणेला टेकवा. डाव्या भागाचंही तसंच करा. दोन्ही भाग मधे एकमेकांना चिकटून उभे राहिले की खाली टोक, वर दोन शिखरं आणि त्यांच्यामध्ये खाच दिसेल. ही झाली बदामाची आकृती. कागद पालथा करा. वरची दोन टोकं, बाजूची दोन टोकं आणि खालचं एक, अशी पाचही टोकं थोडी थोडी आत दुमडा. पुन्हा उलटा करा. बदामाचं पान झालं, आणि मधे जिथं दोन घड्या भेटतात तिथं शीरही आपोआप आली.

आता ती गोष्ट सांगतो. आमचा नातू, मुलीचा मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा होता. दसऱ्याच्या आधी मी त्याला हे पान शिकवायला बसलो. त्याची पहिलीच घडी बोटभर चुकली. मी म्हणालो, “असं नाही रे,” आणि त्याच्या हातातून कागद घेऊन नीट केला. दुसऱ्या घडीला पुन्हा तेच. तिसऱ्या घडीला त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि आमच्या घरातल्या दखनीत म्हणाला, “नाना, तुमीच करो.” मी केलं. पान सुरेख झालं. त्याच्या नानीनं कौतुक केलं. अर्धा तास मी स्वतःवर खूश होतो. नातू केव्हाच बाहेर खेळायला गेला होता आणि पान टीपॉयवर पडून होतं.

मग आठवडाभर मी एक गोष्ट पाहत राहिलो. बुटाचा पट्टा लावायचा असो, चित्रात रंग भरायचा असो, केळं सोलायचं असो, तो वस्तू पुढे करायचा आणि म्हणायचा, “तुमीच करो.” शेवटी मुलगी म्हणाली, “अब्बा, त्याला आता वाटायला लागलंय की आपल्याला काही नीट येतच नाही.” ती रागावून बोलली नाही, पण मला ते लागलं. कविता लिहायला लागलो त्या वयात माझी वही हातात घेऊन कोणी प्रत्येक ओळ दुरुस्त केली असती, तर मी पुढची ओळ लिहिली असती का? आणि मी तेच एका पाच वर्षांच्या हातांना केलं होतं.

तेव्हापासून आमचा नियम झाला. दोन कागद. एक त्याचा, एक माझा. मी माझ्या कागदावर एक घडी घालतो आणि थांबतो. तो त्याच्या कागदावर घालतो. त्याच्या कागदाला मी हात लावत नाही. फारच वाकडं झालं तर माझी घडी उलगडून पुन्हा हळूहळू घालतो, जणू माझंच चुकलंय. पण हे लगेच जमलं नाही. दोन दिवस त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही. मी मात्र रोज संध्याकाळी शेजारी एक कोरा चौरस ठेवून माझ्या घड्या घालत बसायचो. तिसऱ्या दिवशी त्यानं तो कागद उचलला. त्या कागदाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगेन.

दुसरी घडी : कोजागरीचा द्रोण

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी. मसाला दूध कागदात देता यायचं नाही, पण गच्चीवर चंद्राखाली बसून शेंगदाणे, चुरमुरे, लाह्या खायला प्रत्येक मुलाला स्वतः केलेला द्रोण देता येईल. कागद मात्र कोरा हवा. छापील कागदाची शाई खाऊला लागते, ती पोटात जायला नको.

चौरस पुन्हा शंकरपाळ्यासारखा ठेवा. पोटाकडचा कोपरा वरच्या कोपऱ्यावर नेऊन घडी घाला. समोशासारखा त्रिकोण झाला. घडी खाली, टोक वर. आता उजवा कोपरा उचलून समोरच्या, म्हणजे डाव्या कडेवर ठेवायचा. किती वर ठेवायचा? तर त्या दुमडलेल्या भागाची वरची कड जमिनीसारखी आडवी राहील इतका. मुलांना सांगताना म्हणा, “यावर मुंगी चालली तर घसरायला नको.” त्यांना बरोबर कळतं. मग डावा कोपरा तसाच उजव्या कडेवर, पहिल्याच्या अंगावरून. वर दोन त्रिकोणी पाळी उरतात, एक पुढे, एक मागे. पुढची पुढे दुमडा आणि आडव्या भागाच्या फटीत खोचा. मागची मागच्या बाजूला दुमडा. वरून तोंड उघडलं की द्रोण तयार.

चारही वस्तूंमध्ये सुरुवातीला शिकवायला मला हीच सगळ्यात सोपी वाटते. घड्या मोजून पाच, आणि थोड्या वाकड्या आल्या तरी द्रोण उभा राहतो, शेंगदाणे मावतात. लहान मुलाला आपण केलेली वस्तू उपयोगी पडलेली बघायला मिळणं ही मोठी गोष्ट असते. शोभेच्या वस्तूचं कौतुक मोठ्यांना. मुलांना विचाराल तर ती आधी भरून बघतात.

तिसरी घडी : दिवाळीचा कंदील

काटेकोर ओरिगामीत कात्री आणि डिंक वर्ज्य. पण दिवाळीला एवढी सूट असू द्यावी. पतंगी किंवा घोटीव रंगीत कागदाचा एक आयत घ्या, वहीच्या पानाएवढा. लांब कड लांब कडेला लावून तो मधे दुमडा. आता घडीच्या बाजूनं कात्रीनं सरळ चिरा द्यायच्या, बोटाबोटाच्या अंतरावर. चीर समोरच्या मोकळ्या कडेपर्यंत जाऊ द्यायची नाही, बोटभर आधी थांबायचं. मुलानं आधी पेन्सिलीनं तिथं एक रेघ मारून घ्यावी. ही रेघ म्हणजे कात्रीचं गावकुसू, पलीकडे जायचं नाही. मग कागद उलगडा, दोन आखूड कडा एकमेकींवर आणून गोल करा आणि चिकटवा. मधल्या घडीमुळे पोट बाहेर येतं आणि चिरांमधून आतलं दिसतं. वर एक पट्टी चिकटवली की मूठ झाली. आत पणती किंवा मेणबत्ती मुळीच ठेवू नये. नुसता टांगला तरी पुरतो, फार तर सेलवरचा छोटा दिवा.

चार वर्षांच्या मुलानं दुमडायचं आणि चिकटवायचं, सात वर्षांच्या ताईनं चिरा द्यायच्या, अशी वाटणी करता येते. आमच्या इमारतीत एका दिवाळीत जिन्याच्या कठड्याला असे कंदील ओळीनं टांगले होते. कुठला कोणाचा ते मुलांना बरोबर माहीत होतं. मोठ्यांना सगळे सारखेच वाटत होते.

चौथी घडी : परतीचा हंस

कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तला तिसरा सर्ग शरदाचा आहे, आणि आपल्या जुन्या काव्यात शरद आणि हंस ही जोडी ठरलेली. हा नुसता कविसंकेत नाही. शरद सरता सरता, थंडीची चाहूल लागली की पैठणजवळच्या नाथसागरावर आणि उजनीच्या जलाशयावर उत्तरेकडचे पाहुणे पक्षी येऊ लागतात. त्यांत चक्रवाक असतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राजहंसही असतो, जो हिमालय ओलांडून येतो. मुलांना हे सांगितलं की कागदाच्या पक्ष्याला गाव मिळतं.

ही घडी सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी. चौरस शंकरपाळ्यासारखा, उभ्या कर्णावर खूण. खालच्या कोपऱ्याला मिळणाऱ्या दोन्ही कडा मधल्या खुणेला आणून दुमडा. पतंगासारखा आकार झाला, निमुळतं टोक आपल्याकडे. कागद पालथा करा आणि दोन्ही बाहेरच्या कडा पुन्हा एकदा मधल्या खुणेला आणा. आता तो भाल्यासारखा निमुळता झाला. निमुळतं टोक उचलून वरच्या टोकापर्यंत न्या, ही मान. त्याच टोकाचा बोटभर भाग परत खाली दुमडा, ही चोच. आता सगळा कागद उभ्या खुणेवर मागच्या बाजूला मिटा, म्हणजे मान बाहेर राहील. एका हातानं अंग धरा, दुसऱ्या हातानं मान हळूच वर ओढा आणि मानेच्या बुडाशी दाबा. चोचही थोडी पुढे ओढा. हंस टेबलावर उभा राहील. नाही राहिला तर पोटाच्या घड्या जरा पसरवा.

पक्ष्यांच्या घड्यांत जपानचा हात कोणी धरू शकत नाही. तिथं कागद सातव्या शतकाच्या आरंभी कोरियामार्गे पोचला. १७९७ साली क्योटोमध्ये क्रौंच पक्ष्यांच्या घड्यांवर एक पुस्तक निघालं. एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले अनेक क्रौंच कसे करायचे ते त्यात दिलेलं आहे, आणि प्रत्येक प्रकारासोबत एक विनोदी कविता आहे. घडी आणि कविता एकाच पानावर! मला त्या माणसाचा हेवा वाटतो. विसाव्या शतकात अकिरा योशिझावा (१९११-२००५) या कारागिरानं या कलेला नवा जन्म दिला. कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी आयुष्य घड्यांना वाहिलं. घडी कुठं आत, कुठं बाहेर, हे तुटक रेघा आणि बाण काढून दाखवण्याची त्यांची खुणांची भाषा त्यांच्या १९५४ च्या पुस्तकापासून रूढ झाली. आज कुठल्याही देशातलं पुस्तक उघडा, भाषा येत नसली तरी घडी घालता येते. मी मात्र आज नुसत्या शब्दांवर निभावतो आहे, ते गोड मानून घ्या.

यातून मिळतं काय?

पालक विचारतात, यातून मिळतं काय? बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रेडरिक फ्रबेलनं एकोणिसाव्या शतकात जर्मनीत मुलांच्या हाती जी साधनं दिली, त्यांत दुमडायचे कागदही होते. ती बालवाडीची घडी आपल्याकडे पोचली आणि मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी तिच्यावरून स्फूर्ती घेऊन १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. नामांकित जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि ते जगभर गेलं. अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता यांनी पुण्यात ‘आयुका’च्या बालविज्ञान केंद्रातून टाकाऊ वस्तूंची खेळणी घरोघर पोचवली. वर्तमानपत्राच्या टोप्याही त्यात आल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा भूमिती मिळते हे खरं. द्रोण करताना त्रिकोण भेटतो, पान करताना कर्ण भेटतो, आणि त्यांची नावं मागाहून वर्गात कळली की जुनी ओळख निघते. बोटांना जोर येतो, अंगठा आणि तर्जनी एकत्र काम करायला शिकतात. पडद्यावर बोट फिरवताना हे लागत नाही, पेन्सिल धरताना लागतं. पण माझ्या अनुभवानं सांगायचं तर मुलाला यातून सगळ्यात मोठी गोष्ट कळते ती ही की चुकलेली घडी उलगडता येते. खूण राहते, कागद थोडा मऊ पडतो, पण वाया जात नाही. आयुष्यात फार थोड्या गोष्टींना अशी सोय असते. ती सोय मुलाच्या हातून आपण काढून घेऊ नये. आपला हात आपल्या कागदावर ठेवावा, आणि थांबावं. मोठ्यांना या खेळात अवघड एवढंच आहे.

आता नातवाच्या कागदाचं काय झालं ते सांगतो. त्यानं पान केलं. एक पाळ मोठी, एक लहान. खालचं टोक दुमडायचं राहूनच गेलं. दसऱ्याच्या संध्याकाळी तो ते घेऊन शेजारच्या काकांकडे गेला. मी दारातून बघत होतो. मनात धाकधूक होती, कारण ते काका पडले शिस्तीचे. त्यांनी पान दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. नातवानं वाकून नमस्कार केला आणि पळत आला. दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा ते पान त्यांच्या काचेच्या कपाटात, चांदीच्या वाटीशेजारी उभं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला आपट्याचं खरं पान दाखवायला नेलं. एका मैदानाच्या कडेला आपट्याचं झाड आहे. खाली पडलेलं एक पान त्यानं उचललं, मधल्या शिरेवर दुमडलं आणि अंगठ्यानं दाबलं. दोन पाळी एकमेकींवर ठेवून बघितल्या. एक जराशी मोठी निघाली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “नाना, इसकाबी तिरपा हुआ.”

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)